नोझलच्या टोकाशी ठरणारी मात्रा : जऊळका परिसरातील बूम फवारणी यंत्र

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानकाचे गाव असून, त्याच्या भोवतीच्या शिवारात खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा ही पिके प्रामुख्याने घेतली जातात. पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवसांनी तणनाशक आणि पुढे चक्रीभुंगा, खोडमाशी, उंटअळी यांच्यासाठी कीटकनाशक असे फवारणीचे हंगाम अगदी थोड्या दिवसांत उरकावे लागतात, कारण पावसाची उघडीप, जमिनीचा वाफसा आणि मजुरांची उपलब्धता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येणे दुर्मिळ असते. पाठीवरच्या पंपाची जागा ट्रॅक्टरचलित बूम फवारणी यंत्राने घेण्यामागे हेच मुख्य कारण आहे. मात्र पाठीवरच्या पंपातील बिघाड एका तासापुरता, म्हणजे पिकाच्या एका ओळीपुरता, राहतो. बूममधील तोच बिघाड बांधापासून बांधापर्यंत पसरतो. म्हणून या यंत्राची देखभाल ही औषधाच्या मात्रेचाच एक भाग मानली पाहिजे.

यंत्राची रचना साधी आहे. ट्रॅक्टरच्या मागे तीन सांध्यांवर बसवलेली साधारण 400 ते 600 लिटरची टाकी, तिच्याखाली पिस्टनवर चालणारा व सर्वत्र एचटीपी या नावाने ओळखला जाणारा पंप, दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर, दाब दाखवणारे घड्याळ आणि दोन्ही बाजूंना उघडणारी नळीची आडवी चौकट, म्हणजेच बूम, हे तिचे मुख्य भाग होत. पंपाला शक्ती मिळते ती पीटीओपासून, म्हणजे मिनिटाला 540 फेरे घेणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागील फिरत्या दांड्यापासून. पंपाने ओढलेले सगळे पाणी बूमकडे जात नाही. उरलेले पाणी परतीच्या नळीने टाकीत येऊन द्रावण ढवळत राहते, आणि हा परतीचा प्रवाह बंद पडला तर भुकटीच्या रूपातील औषध तळाशी बसून पहिल्या एकराला दाट व शेवटच्या एकराला पातळ द्रावण मिळते.

या सर्व रचनेचा हिशेब अखेर नोझलपाशी येऊन ठरतो. नोझलच्या रंगाला आंतरराष्ट्रीय मानकानुसार अर्थ असतो : पिवळे नोझल 3 बार दाबाला मिनिटाला सुमारे 0.8 लिटर, निळे 1.2 लिटर आणि तांबडे 1.6 लिटर पाणी सोडते. बार हे दाबाचे एकक असून शेतकरी ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात त्याच्या ते जवळपास बरोबरीचे आहे. हेक्टरी किती पाणी पडेल हे काढण्यासाठी एका नोझलच्या मिनिटाच्या लिटरांना 600 ने गुणून, ताशी किलोमीटरमधील वेग आणि मीटरमधील नोझलांचे अंतर यांच्या गुणाकाराने भागावे. तांबडे नोझल, 50 सेंटिमीटर अंतर आणि ताशी 4 किलोमीटर वेग धरल्यास उत्तर 480 लिटर, म्हणजे एकरी सुमारे 194 लिटर येते. वेग तपासण्यासाठी शेतातच 100 मीटर अंतर मोजून, टाकी अर्धी भरलेली असताना ट्रॅक्टर चालवून पाहावा. हे अंतर 90 सेकंदांत कापले गेले तर वेग ताशी 4 किलोमीटर आहे.

झिजलेले नोझल हा यातला सर्वांत फसवा दोष होय, कारण फवारा डोळ्यांना भरघोसच दिसतो. प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरून एक मिनिट पाणी जमा केले असता, नव्या नोझलपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक पाणी देणारे नोझल बदलणे हा जगभर मान्य असलेला नियम आहे. वरच्या उदाहरणातील नोझले 20 टक्के झिजली, तर 400 लिटरची टाकी दोन एकरांऐवजी सुमारे पावणेदोन एकरांतच संपते, आणि एकरी 400 मिलिलिटर शिफारस असलेले इमाझेथापायरसारखे तणनाशक 480 मिलिलिटरच्या घरात पडते. हा जादा खर्च तर आहेच, शिवाय जमिनीत टिकून राहणाऱ्या तणनाशकाची वाढीव मात्रा पुढच्या संवेदनशील पिकाला भोवू शकते. चोंदलेले नोझल तार किंवा टाचणीने टोकरल्यास छिद्राचा आकारच बिघडतो, म्हणून ते काढून पाण्यात भिजवावे आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशने साफ करावे. तोंडाने फुंकण्याची सवय तर थेट विष तोंडात नेणारी आहे.

दाबाच्या तक्रारींचे निदान क्रमाने केल्यास पंप खोलण्याची वेळ बहुतेकदा येत नाही. घड्याळाचा काटा खाली राहिला, तर आधी टाकी आणि पंप यांच्यामधील जाळी पाहावी, कारण विहिरीच्या किंवा नाल्याच्या गढूळ पाण्यातील गाळ तिथेच अडकतो. मग पाणी ओढणाऱ्या नळीचे सांधे व पट्ट्या तपासाव्यात, कारण तिथून हवा शिरली की पाण्याबरोबर बुडबुडे येऊन दाब टिकत नाही. त्यानंतर रेग्युलेटरची बैठक, पंपाचे व्हॉल्व्ह आणि शेवटी पिस्टनची पॅकिंग यांच्याकडे वळावे. काटा सतत थरथरत असेल, तर पंपाचे धक्के शोषणाऱ्या हवेच्या कप्प्यातील हवा गेलेली असण्याचा किंवा एखादा व्हॉल्व्ह अडकल्याचा संभव असतो; काटा वर असूनही फवारा क्षीण असेल, तर अडथळा पुढच्या गाळणीत किंवा नोझलांत आहे, आणि पंपातील तेल दुधाळ झाले असेल, तर सील फाटून त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. कमी पडणारा फवारा दाब वाढवून भरून काढण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे, कारण पाण्याचा प्रवाह दुप्पट करायचा तर दाब चौपट करावा लागतो, आणि त्या दाबाने बारीक झालेले थेंब वाऱ्याने शेजारच्या धुऱ्यापलीकडे जातात.

फवारा सर्वत्र सारखा पडण्यासाठी बूमची उंचीही तितकीच महत्त्वाची असते. 110 अंशांचा पंखा पाडणाऱ्या नोझलांसाठी पिकाच्या शेंड्यापासून सुमारे 50 सेंटिमीटर उंची योग्य ठरते. त्याहून खाली आल्यास दोन नोझलांमध्ये कोरडे पट्टे राहतात आणि पंधरवड्याने तेच पट्टे हिरव्या तणांच्या रांगा होऊन दिसतात. चाकांखाली पीक तुडवले जाऊ नये म्हणून पट्टापेर पद्धतीत ठरावीक तासांनंतर एक तास रिकामे सोडतात, आणि त्या पट्ट्यांचे अंतर बूमच्या रुंदीशी जुळवणे हे पेरणीच्या दिवशीच करायचे काम आहे.

फवारणी संपल्यानंतरची स्वच्छता ही देखभालीची खरी कसोटी होय. 2,4-डी या तणनाशकाचा टाकीत किंवा नळीत राहिलेला अंश नंतर कपाशीवर गेला, तर पाने आकसून बोटांसारखी लांबट होतात. म्हणून टाकी, नळ्या आणि गाळण्या किमान तीनदा धुऊन, धुवण सोडण्यासाठी विहीर व ओढ्यापासून दूरची जागा निवडावी, आणि पीटीओ बंद करून ट्रॅक्टर थांबवल्याशिवाय कोणत्याही सांध्याला हात लावू नये. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे पाहता हातमोजे आणि मुखपट्टी यांना यंत्राच्या सुट्या भागांइतकेच आवश्यक समजले पाहिजे.

युरोपीय संघाने 2009 च्या निर्देशाद्वारे फवारणी यंत्रांची ठरावीक मुदतीने तपासणी बंधनकारक केली. जऊळक्यासारख्या गावांत, जिथे एकच यंत्र भाड्याने अनेकांच्या शेतांत फिरते, तिथे ही तपासणी स्वेच्छेनेच उभी करावी लागेल. मृग नक्षत्रापूर्वी साध्या पाण्यावर यंत्र चालवून प्रत्येक नोझलचे मिनिटाचे माप वहीत नोंदवणे आणि भाड्याने यंत्र घेणाऱ्याने ती वही मागून पाहणे, एवढी शिस्त गावाने लावून घेतली, तर डब्यावर छापलेली शिफारस प्रत्येक शेतात खरी उतरेल, आणि त्यासाठी लागतील फक्त एक मोजपात्र, एक घड्याळ व एक सकाळ.