हृत्स्नायूवरील ‘भार’ : उपकरण आणि संज्ञा

हृदयविज्ञानाच्या ग्रंथांत ‘प्रीलोड’ व ‘आफ्टरलोड’ ही जोडी पदोपदी भेटते. पूर्वभार व उत्तरभार असे प्रतिशब्द देऊन आपण मोकळे होतो. गेल्या सत्रात परिभाषेच्या वर्गात एका विद्यार्थ्याने उत्तरभार म्हणजे ‘ठोका संपल्यानंतरचा भार’ असे लिहिले. चूक सर्वस्वी त्याची म्हणवत नाही. शब्दाने त्याला तोच अर्थ सांगितला. ज्या उपकरणावर या संज्ञा बेतल्या, ते डोळ्यांसमोर नसेल तर कोणाचीही अशीच फसगत व्हावी.

ते उपकरण म्हणजे एक साधी तरफ होय. जवनिकेच्या आत झडपांचे दोर धरून ठेवणारे लहान स्नायू असतात. त्यांतील एक मांजराच्या हृदयातून काढून घेतात. तो बारीक असल्यामुळे भोवतालच्या क्षारद्रवातील प्राणवायू त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो, आणि त्याचे तंतू बव्हंशी एकाच दिशेचे असल्यामुळे ओढ एका रेषेत मोजता येते. विजेच्या हलक्या स्पंदांनी तो ठरावीक गतीने आकुंचन पावत राहतो. त्याचे एक टोक पक्के बांधलेले, दुसरे तरफेच्या एका बाहूस जोडलेले असते. दुसऱ्या बाहूस लहानसे वजन लावले की शिथिल स्नायू ताणला जातो. हा पूर्वभार. मग स्नायू याहून अधिक ताणला जाऊ नये अशा बेताने तरफेच्या वाटेत अटकावाचा स्क्रू बसवतात आणि आणखी वजन टांगतात. हे वाढीव वजन अटकाव पेलतो. शिथिल स्नायूला त्याची वार्ताही नसते. आकुंचन सुरू होऊन स्नायूचे बल एकूण वजनास पुरे पडले, म्हणजेच तरफ हलते. हा उत्तरभार. तेव्हा ‘उत्तर’ म्हणजे आकुंचनारंभानंतर, ठोक्यानंतर नव्हे.

अमेरिकेत एडमंड सोनेनब्लिक यांनी १९६२ साली याच पद्धतीने दाखवले की, भार वाढविल्यास स्नायू आखडण्याचा वेग घटतो. बेडकाच्या सांगाड्याच्या स्नायूविषयी ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये असाच संबंध मांडला होता.

अखंड हृदयात तरफ नाही. तरीही संज्ञा तेथे गेली, आणि काही अंशी सार्थही ठरली. कारण महाधमनीची झडप तेथे अटकावाचे काम करते. ती उघडेपर्यंत धमनीतील दाब जवनिकेला जाणवत नाही. परंतु तरफेवरचे वजन स्थिर असते, तर रक्त बाहेर पडत असताना जवनिकेची त्रिज्या लहान होते, भिंत जाड होते आणि भिंतीवरील ताण सतत पालटतो. म्हणून कोणी उत्तरभार म्हणजे धमनीचा दाब समजतो, कोणी भिंतीवरील ताण. वाद शरीरक्रियेचा दिसतो. माझ्या मते तो निम्मा तरी शब्दाचा आहे.

अलीकडील उपकरणांनी तिसराच अर्थ आणला. हँबर्ग येथे उंदराच्या हृत्पेशींपासून घडविलेली ऊतीची पट्टी दोन लवचीक सिलिकोन खांबांमध्ये वाढवतात. प्रत्येक आकुंचनाबरोबर खांब वाकतात. २०१२ साली तेथील संशोधकांनी या पोकळ खांबांत धातूच्या कांड्या घालून ते ताठर केले, तेव्हा पेशी आकाराने वाढल्या आणि विकृत हृदयवृद्धीची लक्षणे दिसू लागली. यास त्यांनी उत्तरभार वाढविणे असेच म्हटले. वस्तुतः खांब वागतो स्प्रिंगसारखा : जितके आखडावे तितका विरोध अधिक.

विद्यार्थ्यांसाठी मी ताणभार व उचलभार ही जोडी वापरून पाहिली. तरफेपुढे ती चटकन उमगते. खांबांपुढे मात्र ‘उचलभार’ अडतो, कारण तेथे काहीच उचलले जात नाही.