पुढच्या आसाचे वंगण

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या परभणी जिल्ह्याची काळी जमीन मृगात जितकी चिकट, तितकीच वैशाखात कठीण व भेगाळलेली असल्यामुळे, तीत राबणाऱ्या प्रत्येक यंत्राला एकाच वर्षात दोन निराळ्या मुलखांची चाकरी करावी लागते. कापसाच्या ओळींमधून वखर फिरवणारा आणि फवारणीची टाकी पाठीवर वाहणारा छोटा ट्रॅक्टर या चाकरीत आता चांगलाच रुळला आहे. सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचतगटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर, साडेतीन लाख रुपयांच्या मर्यादेत, ९० टक्के अनुदानावर देण्याची तजवीज केल्यापासून, ज्यांच्या दावणीला कधी बैलजोडीही नव्हती अशा घरांपुढेही हे यंत्र उभे राहिले. यंत्र आले, त्याबरोबर मोंढ्यातल्या दुकानाच्या फळीवर विचारला जाणारा एक प्रश्नही आला : पुढच्या एक्सलला नव्वद नंबरचे तेल टाकायचे की एकशे चाळीस?

प्रश्न नवा असला तरी त्याचे कुळ जुने आहे. ज्या प्रदेशात करडईचे पीक इतके मुरलेले, की येथील कृषी विद्यापीठाने, १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईकांचे नाव धारण करणाऱ्या त्या संस्थेने, ‘परभणी कुसुम’ हा करडईचाच वाण प्रसृत केला, त्या प्रदेशातही बैलगाडीच्या आसाला करडईचे तेल न घालता एरंडेल घालत. करडईचे तेल हवेत सुकते, त्याचा चिकट राप बनतो. एरंडेल सुकत नाही, घट्ट राहते आणि धातूला धरून बसते. रसायनशास्त्राचे नावही न ऐकलेल्या गाडीवानाने केलेली ही निवड इतकी अचूक होती, की १९०९ साली एका इंग्रज तेलव्यापाऱ्याने मोटारी व विमाने यांच्या इंजिनांसाठी एरंडेलमिश्रित तेल बाजारात आणले तेव्हा त्याचे ‘कॅस्ट्रॉल’ हे नावसुद्धा एरंडेलाच्याच इंग्रजी नावावरून घेतले.

तथापि आजच्या आसाकडे वळताना पहिली चौकशी तेलाची न करता आसाचीच केली पाहिजे. महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ यांसारख्या, केवळ मागच्या चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या ट्रॅक्टरचा पुढचा आस म्हणजे भार वाहणारी एक आडवी तुळई. तीत दंतचक्रे नाहीत, म्हणून तेलाचा हौदही नाही. तेथे काम असते ते ग्रीसचे : तुळई ज्या मधल्या खिळीवर डोलते ती, चाके ज्यांवर वळतात ते दोन किंगपिन, आणि चाकांच्या तुंब्यांतील बेअरिंगे. यांना तीन क्रमांकाचे लिथियम ग्रीस, दुकानदारांच्या भाषेत ‘एपी थ्री’, पुरेसे होते. मात्र निपलवर ग्रीस गन लावून एकदोन दाब देऊन उठणे म्हणजे वंगण नव्हे; सांध्यातून जुने, मातीने काळवंडलेले ग्रीस बाहेर पडून त्यामागून स्वच्छ ग्रीस दिसू लागेपर्यंत दाबत राहावे, आणि चिखलाच्या दिवसांत हे रोज करावे. उलट चाकाच्या तुंब्यात ग्रीस ठासून भरणे हा अपव्यय आहे, कारण तेथे ते घुसळून तापते.

महिंद्रा जिवो २४५ किंवा कुबोटा निओस्टार यांसारख्या चारही चाकांनी ओढणाऱ्या यंत्रांचा आस मात्र पोकळ असून त्याच्या पोटात डिफरेन्शियल, दोन दांडे आणि चाकांजवळची शंकूच्या आकाराची दंतचक्रे तेलात बुडालेली असतात. ‘नव्वद की एकशे चाळीस’ हा वाद खरा येथला. आणि त्यात होणारा घोटाळा बहुतांशी आकड्यांचा आहे. गिअर तेलाचा नव्वद आणि इंजिन तेलाचा पन्नास हे एकाच मोजपट्टीवरचे आकडे नव्हेत. शंभर अंश सेल्सिअस तापमानाला नव्वद नंबरच्या तेलाची घट्टता किमान १३.५ सेंटिस्टोक, तर इंजिनच्या पन्नास नंबरची १६.३ ते २१.९, म्हणजे दोन्ही तेले जवळजवळ सारखीच दाट. एकशे चाळीस मात्र किमान २४ पासून सुरू होते. परभणीत पौषातल्या पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात चव्वेचाळीसपर्यंत चढतो. ही तफावत ‘८०डब्ल्यू-९०’ हे तेल निभावून नेते, कारण त्यातला पहिला आकडा थंडीतील वाहतेपणाची हमी देतो. काही निर्मात्यांच्या पुस्तिकेत या आसालाही गिअरबॉक्स व हायड्रॉलिकचेच बहुउद्देशीय तेल चालते अशी मुभा असते, तिचा लाभ जरूर घ्यावा. पण हा न्याय उलटा लावू नये : तेलात बुडालेले ब्रेक ज्या मागच्या हौदात असतात, तेथे ‘जीएल-५’ दर्जाचे गिअर तेल ओतल्यास ब्रेक कुरकुरतात आणि नीट धरत नाहीत.

एकशे चाळीसची लोकप्रियता दंतचक्रांच्या हितासाठी नसून गळणाऱ्या ऑइल सीलपायी आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. सील गळू लागले की दाट तेल ओतून थेंब थांबवायचे, हा उपाय स्वस्त वाटतो. परंतु थंडीत ते तेल वरच्या दातांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही आणि फाटलेले सील फाटलेलेच राहते. शिवाय सील बहुधा आपल्या दोषाने फाटत नाही. आसाच्या माथ्यावर ब्रीदर म्हणून करंगळीएवढी एक टोपी असते, जिच्यातून आतली तापलेली हवा बाहेर जाते. काळ्या मातीचा गारा तिच्यावर बसून वाळला, की डाख घातल्यासारखे तिचे तोंड बंद होते, आतला दाब वाढतो आणि तो सीलमधून वाट काढतो. त्यानंतर तापलेला आस ओढ्याच्या पाण्यात उतरला, तर आतली हवा आकसते आणि त्याच फटीतून पाणी आत ओढले जाते. मिस्त्रीकडे नेऊन तेलाची जात बदलण्यापूर्वी तारेने ती टोपी मोकळी करणे, हे या जिल्ह्यात वंगणाचे निम्मे शास्त्र मानावे, असे माझे मत आहे.

डांबरी सडकेवर पुढची चाके जोडलेली ठेवून ट्रॉली ओढणाऱ्यांना मात्र कोणतेही तेल तारणार नाही. पुढची चाके मागच्यांहून किंचित वेगाने फिरतील अशीच त्यांची रचना असते. मऊ रानात ही तफावत घसरून जिरते, कठीण रस्त्यावर ती दंतचक्रांवर येते आणि आस तापतो.

दिवाळीच्या सुमारास रब्बीची पेरणी आटोपली, की ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवावा आणि सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, आसाचा खालचा बूच सैल करून पेलाभर तेल काढावे. पाणी जड असल्याने तेच आधी येईल. पाणी निघाले किंवा तेल दुधाळ दिसले, तर मीटरवरचे तास काहीही सांगोत, ते त्याच दिवशी बदलावे, आणि नव्या डब्यावरचा दर्जा पुस्तिकेतील कलमाशी ताडून मगच पैसे द्यावेत.