उन्हाळ्यात टायरची हवा कमी करताय? थांबा, आधी हे वाचा!

अमरावती/अकोला : लग्नसराई, देवदर्शन, सहल. ट्रॅव्हलर किंवा मिनीबस केली की घरचे सगळेच निघतात. त्यात पारा ४५ च्या वर. अशा वेळी गावोगावी एकच सल्ला ऐकू येतो, ‘गरमीत हवा कमी ठेव भाऊ, नाही तं टायर फुटते.’ हा सल्ला उलटा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पुन्हा सरळ होते. त्यातून टायर आतून तापतो. त्यात गाडी भरलेली आणि वेग जास्त असला, तर थर सुटून टायर फुटतो. धामणगाव किंवा कारंजाहून समृद्धी महामार्गावर चढलं की गाडी तासन् तास एकाच वेगात धावते, टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. म्हणूनच २०२३ मध्ये या मार्गावर टायर तपासणीची मोहीम घेऊन घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या.

मग हवा किती भरायची?

• ड्रायव्हरच्या दरवाजाजवळचं स्टिकर किंवा गाडीचं पुस्तक पाहा. बऱ्याच गाड्यांत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. सीट भरल्या, टपावर सामान असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा धरा.

• टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरायचीच असं नाही.

• हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गाडी चालून आली असेल तर तीन तास थांबा.

• थंड असताना ६५ पीएसआय भरलेला टायर प्रवासात ७२ दाखवू शकतो. ते धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. गरम टायरची हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती कमीच पडेल.

• मागे जोडचाकं असतील तर आतलं चाक विसरू नका. त्याची हवा गेली की सगळा भार बाहेरच्या टायरवर येतो. स्टेपनीही तपासा.

टायरचं वयही पाहा. बाजूवर चार आकडे असतात. ‘२२१९’ म्हणजे २०१९ सालचा २२ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुना, भेगा पडलेला टायर लांबच्या प्रवासाला नको.

गाडी भाड्याने केली असेल, तरी निघण्याआधी ड्रायव्हरदादाला ‘हवा पाहिली का?’ एवढं नक्की विचारा. आत आपलीच लेकरं बसणार आहेत.