परिचारिकेचे शिक्षण : सेवेची हाक आणि खर्चाचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलीला गुण बरे मिळालेले असतात, रुग्णसेवेची आवड असते, आणि ओळखीतल्या कुणाची तरी कन्या परिचारिका होऊन परदेशी गेल्याचे उदाहरण डोळ्यांपुढे असते. बेळगाव असो, बडोदे असो वा हैदराबाद, नर्सिंग महाविद्यालयांची माहितीपत्रके घरोघर पोहोचतात. आणि मग कुठे शेताचा तुकडा गहाण पडतो, तर कुठे आईच्या पाटल्या सराफाकडे जातात. या उत्साहाला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु ज्या घरात दिवाळीचे कपडे घेतानाही चार दुकाने पाहिली जातात, त्याच घरात लाखांचा हा व्यवहार एका दुपारी उरकला जावा, याचे आम्हांस नवल वाटते.

लूकलिखित शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे. पाया घातल्यावर पैसा संपला, तर लोकांचे हसे सोसावे लागते; म्हणून शहाणा मनुष्य आधी बसून हिशेब करतो. प्रभूने हा दृष्टांत शिष्यत्वाविषयी सांगितला, हे विशेष. ज्या कार्यासाठी सर्वस्व वेचावयाचे, त्याचाच हिशेब आधी करावा, असा त्याचा रोख आहे. सेवेची हाक आणि जमाखर्चाची वही यांत वैर नाही.

प्रथम मार्ग कोणते ते पाहू. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका, आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. पहिल्या दोहोंस कला शाखेची विद्यार्थिनीही पात्र ठरू शकते. पदवीसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. जी.एन.एम. झालेल्या परिचारिकेला पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी घेता येते. म्हणजे शिडी एकच आहे. ती एका दमात चढावी की मध्ये थांबून, कमावून चढावी, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे. सहा महिन्यांत ‘नर्सिंग असिस्टंट’ बनवून देऊ, अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. त्या शिक्षणाने मदतनिसाचे काम मिळू शकेल. परंतु राज्याच्या परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून परिचारिकेचा व्यवसाय करता येत नाही. हा भेद पैसे भरण्यापूर्वीच समजून घ्यावा.

आता खर्च. पुष्कळ आईबाप केवळ माहितीपत्रकातील वार्षिक शुल्क पाहतात. त्यात वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तके, परीक्षा व नोंदणीचे शुल्क आणि जाण्यायेण्याचे भाडे मिळविले म्हणजे खरी रक्कम हाती येते. हा सर्व खर्च चारही वर्षांचा मिळून एका कागदावर लिहावा आणि त्याखाली महाविद्यालयाच्या कचेरीचा शिक्का मागावा. शिक्का द्यावयास जे कांकूं करतात, त्यांच्याविषयी सावध असावे.

कर्जाचा हिशेब तर अवश्य मांडावा. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. आईवडील मात्र सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. लोक येथेच फसतात, कारण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. समजा, चार वर्षे दरसाल एक लाख रुपये दहा टक्क्यांनी घेतले. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी सरळ व्याजानेच एक लाख चाळीस हजारांची भर पडलेली असते, आणि चार लाखांचे कर्ज पाच लाख चाळीस हजार होते. ते सात वर्षांत फेडावयाचे तर महिना सुमारे ८,९६५ रुपये हप्ता बसतो. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ५,८०० रुपयांवर येतो खरा; परंतु सात वर्षांत एकूण ७ लाख ५३ हजार भरून जे कर्ज फिटले असते, त्यासाठी १० लाख ४४ हजार भरावे लागतात. शिकतानाच दरमहा निदान व्याज भरीत गेल्यास ही वाढ टळते, आणि काही बँका त्याबद्दल व्याजदरात थोडी सवलतही देतात. ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत आहे, त्यांच्या शिक्षणकाळातील व्याजाचा भार ठरावीक मान्यताप्राप्त संस्थांपुरता केंद्र सरकार उचलते. आपली संस्था त्यांत बसते की नाही, हे बँकेत विचारून घ्यावे.

मिळकतीची बाजू दुहेरी आहे. केंद्र सरकारच्या रुग्णालयात नर्सिंग ऑफिसरचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ४४,९०० रुपये आहे. ‘एम्स’ संस्थांसाठी २०२० पासून नॉरसेट नावाची सामाईक परीक्षा घेतली जाते. तीस पदवीधर मुलगी अनुभवाविना बसू शकते, जी.एन.एम. झालेलीला पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. पदवीचे खरे मोल येथे दिसते. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार अगणित. पुष्कळ मुलींच्या वाट्यास प्रथम खासगी रुग्णालयेच येतात, आणि तेथील स्थिती निराळी आहे. २०११ व २०१२ साली मुंबई, दिल्ली आणि केरळ येथील परिचारिकांनी जे संप केले, त्यांच्या मुळाशी अपुरा पगार आणि बंधपत्राची सक्ती हीच दुखणी होती. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, आणि पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयानेही महिना वीस हजारांहून कमी देऊ नये. ती शिफारस होती. ती सर्वत्र आपोआप अमलात आली नाही. म्हणून हिशेब करताना ४४,९०० नव्हे, वीस हजार धरावेत. त्यांतून ८,९६५ चा हप्ता गेला म्हणजे उरतात अकरा हजार. परगावी राहणाऱ्या मुलीने त्यांत खोलीभाडे द्यावे, जेवावे आणि घरीही पाठवावे काय? पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून हप्ता जड होत असेल, तर कर्ज कमी करावे, स्वस्त सरकारी संस्था शोधावी, किंवा जी.एन.एम. वरून शिडी चढावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परदेशाची आशा अनाठायी नाही. तथापि बहुतेक ठिकाणी निदान दोन वर्षांचा अनुभव आणि त्या त्या देशाची परीक्षा लागते. म्हणजे कर्जाचे पहिले हप्ते येथल्याच पगारातून जावयाचे. दलाल लाखो रुपये उकळतात, अशा तक्रारी वाढल्यामुळे २०१५ साली आखाती व अन्य काही देशांतील परिचारिकांची भरती सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच व्हावी, असा निर्बंध घालण्यात आला. नोंदणीकृत भरती एजंटास तीस हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कुणी म्हणेल, फादर, सेवेच्या गोष्टीत एवढी आकडेमोड कशाला? त्यांस आम्ही संत कॅमिलस यांचे स्मरण देतो. तरुणपणी हे सैनिक होते आणि जुगाराच्या नादाने सर्वस्व गमावून बसले होते. मनपरिवर्तनानंतर त्यांनी रोग्यांसाठी आयुष्य वाहिले आणि १५८२ साली सेवकांच्या संघाची कल्पना मांडली. पोप लिओ तेरावे यांनी १८८६ साली त्यांना रोग्यांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आणि याच पोप महोदयांनी १८९१ साली आपल्या परिपत्राद्वारे कामगाराच्या न्याय्य वेतनाचा हक्क जगापुढे मांडला. रुग्णसेवा आणि न्याय्य वेतन या दोन गोष्टी ख्रिस्तसभेने परस्परविरोधी मानलेल्या नाहीत.

हे आमच्या स्वतःच्या संस्थांनाही लागू आहे. भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना १९४३ साली धर्मभगिनी डॉक्टर मेरी ग्लोरी यांच्या पुढाकाराने स्थापन झाली, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु धर्मभगिनीने दारिद्र्याचे व्रत घेतलेले असते. नोकरीस आलेल्या गरीब घरच्या मुलीने ते घेतलेले नसते. तिच्या पगाराला ‘त्याग’ हे नाव देऊन तो कमी करण्याचा अधिकार कोणासही नाही. मजुरांच्या अडवून ठेवलेल्या वेतनाची ओरड परमेश्वराच्या कानी जाते, असे संत याकोबाचे पत्र बजावते.

तेव्हा आईबापांनी प्रवेशापूर्वी महाविद्यालयात मुलीला बरोबर घेऊन जावे आणि चार प्रश्न विचारावेत. राज्याच्या परिचर्या परिषदेची मान्यता यंदा आहे काय? शिकविण्यासाठी स्वतःचे रुग्णालय आहे काय, आणि त्यात रोगी असतात काय? मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवतात काय, वा शिक्षणानंतर बंधपत्र लिहून घेतात काय? गेल्या वर्षीच्या मुलींना पहिला पगार किती मिळाला? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कचेरीत न घेता त्या मुलींकडूनच घ्यावे. सीमाभागातील मंडळींनी आणखी एक पाहावे : कर्नाटकात नोंदणी झालेल्या मुलीस महाराष्ट्रात नोकरी करावयाची तर तेथील परिषदेत पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि त्यास वेळ लागतो.

मुलीलाही या हिशेबाला बसवावे. कर्ज तिच्या नावावर चढणार आहे आणि रात्रपाळी तीच करणार आहे. तिला न विचारता आकडे ठरविणे हा अन्याय होय. हिशेब जुळला, तर ती निश्चिंत मनाने रोग्याच्या उशाशी उभी राहील. न जुळला, तर दुसरा मार्ग शोधण्यास निकालानंतरचे हे दिवस पुरेसे आहेत. गहाण पडलेले शेत सोडविण्यास मात्र कित्येकांना उभी हयात पुरत नाही.