हृदयातील परकी वस्तू : शस्त्रक्रियेविना सुटका

हृदयात अडकलेली वस्तू काढायची म्हणजे छाती उघडावीच लागणार, असा सर्वसाधारण समज आहे. एके काळी तो खराही होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करी शल्यविशारद ड्वाइट हार्कन यांनी जखमी सैनिकांच्या हृदयातून व त्याच्या आसपासच्या भागांतून १३४ गोळ्या आणि धातूचे तुकडे शस्त्रक्रियेने काढले, आणि एकही रुग्ण दगावला नाही.

शस्त्रक्रियेविना हृदयापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र त्याआधीच सापडली होती. १९२९ मध्ये जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने, वरिष्ठांची परवानगी नसताना, स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक लवचीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण चित्राने ते सिद्ध केले. आरंभी उपेक्षित राहिलेल्या या प्रयोगासाठी १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे १९६४ मध्ये अधोमहाशीर व हृदयाचे उजवे अलिंद येथे अडकलेला पोलादी तारेचा तुकडा शस्त्रक्रियेविना काढल्याची नोंद प्रसिद्ध झाली.

आज अशी वस्तू बहुधा उपचारांतूनच आलेली असते. कर्करोगाच्या रुग्णाला वारंवार औषध देता यावे म्हणून छातीच्या त्वचेखाली ‘केमोपोर्ट’ बसवतात. त्याची नळी गळ्याजवळचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये दाबली जाऊन झिजते व क्वचित तुटते. तुटलेला तुकडा रक्तप्रवाहाबरोबर हृदयाच्या उजव्या भागात किंवा फुप्फुस धमनीत जातो. पुष्कळदा रुग्णाला काहीच जाणवत नाही. तरीही रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग आणि हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता यांचा धोका असतो.

हा तुकडा कॅथलॅबमध्ये काढतात. जांघेतील जागा बधिर करून शिरेत एक नळी बसवतात. तिच्यातून दुसरी बारीक नळी, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, अधोमहाशिरेतून हृदयात नेतात. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला वेदना जवळजवळ जाणवत नसल्याने रुग्ण जागा राहू शकतो. नळीच्या टोकातून तारेचा फास उघडतात. अनेक फास निकेल आणि टायटॅनियम यांच्या ‘नितिनॉल’ या मिश्रधातूचे असतात. दाबून नळीत घातले, तरी बाहेर पडताच मूळ आकार घेतात. तुकड्याचे मोकळे टोक फासात आले की बारीक नळी पुढे सरकवून फास आवळतात आणि तुकडा जांघेतील नळीत ओढून बाहेर काढतात. मोकळे टोक नसेल, तर आधी दुसऱ्या साधनाने तुकड्याची जागा बदलावी लागते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. दीर्घकाळ भिंतीला चिकटलेला तुकडा, स्नायूत रुतलेली गोळी किंवा धारदार वस्तू ओढल्यास हृदय फाटू शकते. तेथे शस्त्रक्रियाच योग्य ठरते. म्हणूनच अशा प्रसंगी शल्यविशारद सज्ज ठेवतात.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरात कोणाला केमोपोर्ट असेल आणि औषध देताना दुखले, सूज आली किंवा पोर्टमधून रक्त ओढले जाईना, तर ते त्याच वेळी डॉक्टरांना सांगावे. क्ष-किरण तपासणीत तुटलेली नळी दिसू शकते. आणि छातीत चाकू अथवा सळई रुतली असेल, तर ती जागेवर उपसू नये. ती हलणार नाही असा आधार देऊन जखमीला तातडीने रुग्णालयात न्यावे. रुतलेली वस्तूच कधी कधी रक्तस्राव थोपवून धरते. एवढे ज्ञान वेळेवर आठवले, तरी एखादा जीव वाचू शकतो.