नवं मूत्रपिंड, जुनं मैदान
लेखमाला : देणं आणि जगणं – भाग 6

गेल्या आठवड्यात आपण प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचं वेळापत्रक पाहिलं. औषधं मार्गी लागली, मूल हिंडू-फिरू लागलं, की घरात पुढचा प्रश्न येतो तो खेळाचा. परळ-लालबाग-दादर पट्ट्यात तर तो टाळून चालतच नाही. इथे केईएमसारखी रुग्णालयं आहेत, तशीच गल्लोगल्ली कबड्डीची मंडळं, गोविंदा पथकं, शिवाजी पार्कवरची क्रिकेटची नेट आणि समर्थ व्यायाम मंदिरातला मल्लखांबही आहे. सगळे मित्र मैदानात असताना आपल्या पोराला गॅलरीत बसवून ठेवायचं का?

नाही. त्याने खेळायचं, फक्त खेळ पारखून घ्यायचा. व्यायामामुळे शरीर नवा अवयव नाकारतं, या भीतीला आधार नाही. उलट प्रत्यारोपणानंतर घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडमुळे वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात, मांड्यांचे स्नायू झिजतात. काहींची साखर आणि रक्तदाबही चढतो. या सगळ्यावर नियमित व्यायामासारखा दुसरा स्वस्त उपाय नाही.

कुठला खेळ चालेल, हे बऱ्याच अंशी अवयव कुठे बसवला आहे त्यावर ठरतं. आपली मूळ मूत्रपिंडं पाठीकडे, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. प्रत्यारोपित मूत्रपिंड मात्र ओटीपोटात, कमरेच्या हाडाजवळ पुढच्या बाजूला बसवतात. त्याच्यावर बरगड्यांचं छत्र नसतं. पोटाच्या भिंतीपलीकडे ते जवळजवळ हाताला लागतं. म्हणून कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग वर्ज्य. कबड्डीत चढाई करणाऱ्याला सगळे मिळून कमरेत आवळतात, तीच नेमकी नाजूक जागा. मल्लखांबावर पोट लाकडावर दाबलं जातं आणि दहीहंडीत वरचा थर खाली कोसळला तर काही खरं नाही. शिवाय पूर्वी डायलिसिससाठी हातावर केलेला फिस्टुला शाबूत असेल, तर त्या हातालाही मार लागू द्यायचा नाही. धावणं, पोहणं, बॅडमिंटन, टेबल टेनिस, सायकल या गोष्टींना मात्र डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत. क्रिकेटमध्ये टेनिस बॉलने खेळणं वेगळं आणि सीझन बॉलसमोर उभं राहणं वेगळं, एवढा भेद ठेवावा.

हृदयाचा हिशोब आणखी वेगळा आहे. केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968मध्ये हृदय प्रत्यारोपण केलं. डॉ. बर्नार्ड यांची केपटाऊनमधली जगातली पहिली हृदय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. आज प्रत्यारोपित हृदय घेऊन माणसं शर्यतीत उतरतात. पण ते हृदय धावतं कसं, हे समजून घ्यायला हवं. हृदय काढताना त्याच्या नसा तुटतात आणि नव्या शरीरात त्या लगेच जुळत नाहीत. मेंदूचा ब्रेक नसल्याने स्वस्थ बसल्यावरही ठोके मिनिटाला नव्वद ते एकशे दहाच्या घरात असतात. पळायला सुरुवात केली तरी ते लगेच वाढत नाहीत. रक्तातून ॲड्रेनलिन पोचेपर्यंत काही मिनिटं जातात. शंभर मीटरची शर्यत तर हृदयाला पत्ता लागायच्या आत संपते. म्हणून या मुलांनी आधी सावकाश, भरपूर वॉर्म-अप करायचा आणि खेळ संपल्यावर एकदम बसायचं नाही, चालत राहायचं. पुढे काही वर्षांत थोड्याफार नसा पुन्हा वाढतात, पण सगळ्यांच्याच नाही.

बाकीची पथ्यं मुंबईच्या हवेशी जोडलेली आहेत. एप्रिल-मेच्या घामात शरीरातलं पाणी आटलं की मूत्रपिंडावर ताण येतो आणि क्रिएटिनिन वर जातं. शरीराने अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस घेणाऱ्याने तर पाण्याची बाटली विसरूच नये. सामन्यात मुका मार लागला म्हणून प्रशिक्षकाच्या पिशवीतली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेऊ नये. टॅक्रोलिमसच्या जोडीला ही वेदनाशामकं मूत्रपिंडाला इजा करू शकतात. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबलं, की त्यातून चालत क्लासला जाणारा मुलगा लेप्टोस्पायरोसिसची जोखीम घेतो. प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी केलेल्या शरीराला ती जास्त. पाय भिजले असतील तर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं. चिखलातल्या फुटबॉलचंही तेच.

यातून जी मुलं खऱ्या अर्थाने स्पर्धेकडे वळतात, त्यांच्यासाठी जागतिक प्रत्यारोपण क्रीडा स्पर्धा आहेत. डॉ. मॉरिस स्लापाक या प्रत्यारोपण शल्यविशारदांनी 1978मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला त्या सुरू केल्या. आता त्या साधारण दर दोन वर्षांनी होतात. 2019ला न्यूकॅसल, 2023ला पर्थ, 2025ला ड्रेस्डेन. मुलांचे गट वेगळे असतात. प्रत्यारोपणाला साधारण वर्ष झालेलं आणि प्रकृती स्थिर हवी, ही मुख्य अट. अवयव देणाऱ्यांनाही इथे उतरता येतं. आईला यकृताचा भाग दिलेल्या भोपाळच्या अंकिता श्रीवास्तवने न्यूकॅसलला भारतासाठी पदकं जिंकली.

खुल्या स्पर्धांतही अशी नावं आहेत. अमेरिकेच्या क्रिस क्लगचं यकृत प्रत्यारोपण 2000मध्ये झालं आणि 2002च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने स्नोबोर्डिंगचं कांस्यपदक घेतलं. क्रोएशियाच्या इव्हान क्लासनिचला 2007मध्ये आधी आईचं मूत्रपिंड बसवलं, ते चाललं नाही, मग वडिलांचं. 2008च्या युरो स्पर्धेत त्याने गोल केले. फुटबॉलमध्ये धक्काबुक्की आहेच, पण व्यावसायिक खेळाडूमागे डॉक्टरांचा ताफा असतो. गल्लीतल्या मंडळाने त्याचा दाखला देऊन कबड्डीला हो म्हणू नये.

मोठ्या स्पर्धेत उतरणाऱ्याला उत्तेजकांच्या नियमांशीही गाठ आहे. तोंडाने घेतलेलं प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन तर कायमचंच. उपचारासाठी ही औषधं लागत असतील तर आधी रीतसर सवलत मागावी लागते. टॅक्रोलिमसवर बंदी नाही.

आता शाळेबद्दल. प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या दप्तरात बहुतेकदा एकच कागद असतो, ‘पीटीच्या तासातून सूट द्यावी.’ शाळेला तो सोयीचा, पालकांना सुरक्षित वाटणारा आणि मुलाला बाकावर बसवणारा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तो योग्यच. जखम भरायची असते, औषधांची मात्रा बसायची असते. पण तोच कागद पाचवीपासून दहावीपर्यंत चालू राहतो, तेव्हा चूक होते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून दुसरा कागद मागा. त्यावर तीन गोष्टी असाव्यात : कोणते खेळ चालतील, कोणते नाहीत, आणि मार लागला किंवा ताप आला तर कोणाला फोन करायचा. मग पीटीच्या सरांनाही नुसतं ‘बस’ म्हणण्यापलीकडे काहीतरी करता येईल.

(पुढच्या भागात : अवयव देणाऱ्याची तब्येत – एका मूत्रपिंडावर आयुष्य)