खोताचं खळं आणि गटनेत्याचं बाक

पोलादपुरात मी जमिनीची कामं पाहते. सातबारा, फेरफार, कुळाचे हक्क, भावाभावांतलं वाटप. जुने उतारे चाळताना खोतीचा उल्लेख अजूनही समोर येतो, आणि नवखे पक्षकार विचारतात, ‘मॅडम, हे काय?’ त्याचं उत्तर द्यायचं तर मला ज्या गटनेत्याची गोष्ट सांगावी लागते, त्याला आपण गटनेता म्हणून ओळखतच नाही.

गटनेता म्हणजे सभागृहात आपल्या पक्षाच्या सभासदांचं नेतृत्व करणारा. कोण बोलणार, कोणतं विधेयक अडवायचं, मत कुठे द्यायचं, हे त्याच्या सल्ल्याने ठरतं. प्रतोद तो आदेश सभासदांपर्यंत पोचवतो. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात नॅन्सी पेलोसींनी २००३ पासून २०२३ च्या आरंभापर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाचं असं नेतृत्व केलं. तिथे सभासदाने नेत्याविरुद्ध मत दिलं तरी त्याची जागा जात नाही. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने ती जाऊ शकते, म्हणून प्रतोद कोण हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. पक्षात फूट पडल्यावर तसा तो गेला आमच्याच महाड मतदारसंघाच्या आमदारांमुळे. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने सांगितलं की प्रतोद आणि गटनेता आमदारांच्या गटाने नव्हे, राजकीय पक्षाने नेमायचा, आणि भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरवली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये, खरा पक्ष कोणता हे ठरवताना अध्यक्षांनी त्यांची नेमणूक वैध धरली. त्या दिवसांत इथल्या चहाच्या टपऱ्यांवर ‘व्हिप’ हा शब्द घरचा झाला होता.

पण या मातीने घडवलेला गटनेता त्याआधीचा आहे: डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

१८ फेब्रुवारी १९२७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली. महिनाभरात, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रहात होते. तो सत्याग्रहसुद्धा एका ठरावाच्या पोटातून आलेला. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर करून घेतला, सुरबानाना टिपणीस यांच्या महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि तरीही अस्पृश्य मानलेल्यांना तळ्याच्या पायऱ्या बंदच राहिल्या. सभागृहात झालेला ठराव गावात उतरवायला माणसं लागतात, हे बाबासाहेबांनी कारकिर्दीच्या पहिल्याच महिन्यात पाहिलं. माझ्या मते त्यांचं पुढचं सगळं संसदीय काम या अनुभवावर उभं आहे.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ फेब्रुवारी १९३७ ला मतदान झालं. बाबासाहेब भायखळा-परळमधून उभे होते आणि समोर काँग्रेसने उभं केलं होतं नामवंत क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांना. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. बरोबर एक महिन्याने, १७ मार्चला, उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या वापरावरून चाललेला दावा त्यांच्या बाजूने निकाली काढला. १७५ जणांच्या विधानसभेत त्यांच्या गटाची संख्या पंधराच्या आसपास. त्यात कुलाब्यातून सुरबानाना टिपणीस, रत्नागिरीतून अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर. हे तिघे राखीव जागांवरचे नव्हते. कोकणातल्या कुळाने, मग ते कुणबी असो की महार, या पक्षात आपला पक्ष पाहिला.

माझे पणजोबा कापडे गावाच्या वरच्या अंगाला खोताचं कूळ होते. घरी ऐकलेलं असं: भात झोडलं की खळ्यावर आधी खोताचा वाटा मोजायचा, तोही अर्धा. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीवरही त्याचा हक्क. वर वेठ: त्याच्या शेतावर फुकट नांगर धरायचा, त्याच्या घरच्या कार्याला लाकूड वाहायचं. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये सारा गोळा करणारा म्हणून खोत बसला होता. पिढ्या गेल्या आणि तो मालकासारखा वागू लागला. उरलेल्या दाण्यात पावसाळा निघत नसे, म्हणून घरातला एक भाऊ परळच्या गिरणीत. भायखळा-परळचा गिरणीकामगार आणि कोकणातलं कूळ, ही पुष्कळदा एकाच चुलीवरची माणसं होती.

हे ध्यानात घेतलं की बाबासाहेबांच्या गटाने काय केलं ते उलगडतं. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोतांना वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला १८७९ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदाराचा दर्जा मिळावा, एवढी त्याची सरळ मांडणी. भरपाईची तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. सरकारला नकार द्यायला सबब राहू नये, असा वकिली विचार त्यात आहे. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी विधिमंडळाकडे मोर्च्याने निघाले आणि बाबासाहेबांसह शिष्टमंडळाने बाळासाहेब खेरांची भेट घेतली. (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत.) आत विधेयक, बाहेर मोर्चा, आणि दोन्हीकडे तोच नेता. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांचा संप १९३३ पासून चालूच होता, त्यालाही बाबासाहेबांचा पाठिंबा होता.

१९३८ मध्येच सरकारने औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. संपाच्या हक्कावर ते बंधनं घालत होतं. बाबासाहेब सभागृहात त्याविरुद्ध लढले आणि ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. कम्युनिस्टांशी त्यांचे मतभेद तीव्र, तरी त्या दिवशी एकत्र आले. बहुमत सरकारचं होतं, कायदा झाला. खोतीचं विधेयकही पुढे सरकलं नाही. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विषय तिथेच थांबला. १९४२ मध्ये पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली, त्यानंतर बाबासाहेब दिल्लीत मजूर खातं पाहू लागले. राज्यघटनेच्या कामाविषयी सर्वांना ठाऊक आहे. मला त्याआधीच्या या अडीच वर्षांविषयी अधिक बोललं जावं असं वाटतं, कारण हाताशी सत्ता नसलेल्या गटनेत्याने काय करायचं असतं, ते तिथे तपशिलाने दिसतं.

खोती अखेर मुंबई खोती निर्मूलन कायदा, १९४९ या कायद्याने गेली. माझ्या पणजोबांच्या नावावर जमीन झाली ती त्यानंतर. विधिमंडळातली बाबासाहेबांची भाषणं महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात छापली आहेत. त्यातला खोतीचा भाग मराठीत, छोट्या पुस्तिकेच्या रूपात, महाड-पोलादपूरच्या प्रत्येक हायस्कुलात आणि तलाठी कार्यालयात असावा, अशी माझी मागणी आहे. तालुक्यातल्या काही शिक्षकांशी मी त्याबद्दल बोलते आहे.